पाडसांची खोली की पाणवठ्याची फेरी?

मराठवाड्यात वन्यजीव केंद्रावर मुक्कामी राहून कामाला हातभार लावायला जाणाऱ्याला उन्हाळ्यात पहिल्या दिवशीच विचारलं जातं: पिलांकडे थांबणार की पाण्याकडे? राहणं दोन्हीकडे सारखंच, पत्र्याची खोली, भाकरी-पिठलं आणि अंघोळीला एक बादली. फरक पडतो तो दिवसाच्या आखणीत.

बहुतेकांना पाडसं हवी असतात. हे काम नाजूक आणि घड्याळाला बांधलेलं. साधारण 3 किलोच्या हरणाच्या पाडसाला दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे 300 मिलिलीटरच्या आसपास शेळीचं दूध लागतं, तेही चार-पाच वेळा विभागून. नेमकं माप डॉक्टरांकडून घ्यावं. दूध अंगाएवढं कोमट हवं. पाडूस उभं, मान किंचित वर. मांडीवर उताणं घेऊन पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत घरघर सुरू होते. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर लघवी-शेण अडतं. बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. माणसाला सरावलेलं हरीण पुढे कुत्र्यांपासूनही पळत नाही.

पाण्याचं काम वरून मजुरीचं दिसतं. पहाटे पाणवठ्यावर जाऊन आधी काठावरची माती वाचायची. मोर, चिंकारा, कोल्हा, तरस, कोण येऊन गेलं ते पाहायचं आणि मग खराट्यानं माती सारखी करून ठेवायची. शेवाळ धरलं की बशी, म्हणजे पाणवठ्याचं सिमेंटचं उथळ टाकं, उपसून नुसत्या खराट्यानं घासायची, साबण किंवा ब्लीचिंग पावडर अजिबात नाही. उन्हं वर आली की मधमाश्या काठाला दाटतात, त्यामुळे हे सगळं लवकर उरकावं. ट्रॅक्टरचा टँकर साधारण 5000 लिटरचा असतो. त्याचा पाइप काठावर सोडला तर धारेनं भराव खचतो आणि सिमेंटला तडा जातो, म्हणून धार मधे ठेवलेल्या दगडावर पाडायची. संध्याकाळी पातळीशी कोळशानं रेघ ओढावी. सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं आणि ठसे तुरळक, म्हणजे फट आहे. बाहेरच्या अंगाला माती कुठे ओली लागते ते चाचपावं. डागडुजी आठवडाभर ओली ठेवावी लागते, तेवढे दिवस शेजारी उथळ घमेली मांडायची, आत एखादा दगड टाकून, म्हणजे खारी-सरडे बुडत नाहीत.

दोन्ही कामं लागतातच. तरी माझा कल पाण्याकडे झुकला तो एका गोष्टीमुळे: पाडसाकडे येणारी माणसं. ज्यानं पाडस केंद्रावर आणून दिलं तो दुसऱ्या दिवशी लेकराबाळांसह पाहायला येतो, मागून गल्ली येते, प्रत्येकाला हातात धरून फोटो हवा असतो. माया खरी असते, म्हणून नाही म्हणणं आणखी जड जातं. पण हरणाची जात धसक्यानं मरते. पकडापकडीत स्नायूच निकामी होतात आणि वरून एक जखम दिसत नाही. निम्मा दिवस दाराशी उभं राहून लोकांना परत पाठवण्यात जातो आणि दुधाची वेळ टळते.

त्यातही मन खातं ते हे की यातली कितीतरी पाडसं अनाथ नसतातच. मादी पिलू गवतात दडवून चरायला जाते, आणि काढणीच्या वेळी ते एकटं दिसलं की कुणीतरी उचलतं. जखम नसेल तर तिथेच ठेवून लांब व्हावं. शंका असेल तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करावा. काळवीट-हरीण संरक्षित आहे, घरी पाळता येत नाही.

पाणवठ्यावर गर्दी नसते. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या कोरड्या माळरानात बशी भरलेली असली की मोर सकाळी आणि झाडावर बसण्याआधी आपणहून उतरतात, कुणाला हात लावावा लागत नाही. रात्री उठून बाटली धरायची तयारी असेल आणि चार माणसांना गोड शब्दांत परतवणं जमत असेल, तर पाडसांकडे अवश्य जा, तिथे असे हात कमीच असतात. नसेल तर पहिले 15 दिवस खराटा मागून घ्या.