63,520 रुपयांत घेतलेले हेलसिंकीचे चाहते

"चाहते वाढवून देतो" म्हणणाऱ्या एका एजन्सीने आमच्या बँडला गंडवलं, त्याची ही गोष्ट. आकडा आधीच सांगतो, म्हणजे खाली कुणी "किती गेले?" म्हणून खाजवत बसायला नको. 2,500, मग 41,300, मग 15,000, आणि अक्कल पुरती गहाण पडल्यावर वर आणखी 4,720. एकूण 63,520 रुपये. एवढ्या पैशांत आमच्या पाच जणांच्या बँडची दोन गाणी नीट मिक्स-मास्टर झाली असती आणि ढोलकीच्या नव्या पुड्याही आल्या असत्या.

स्कीम काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. इन्स्टावर मेसेज येतो, "तुमचा साउंड युनिक आहे, फक्त ऑडियन्सपर्यंत पोचत नाहीये." पुढे पीडीएफ येते, तिच्यात 90 दिवसांत 10,000 "रिअल, लोकल, लॉयल फॅन्स". शंका होतीच, म्हणून आम्ही आधी 2,500 ची ट्रायल मागितली. चार दिवसांत 400 फॉलोअर्स आले. फोटो होते, आडनावं मराठी होती, खात्यांवर दहा-बारा पोस्टही होत्या. इथेच गळाला लागलो. ट्रायलला जी खाती देतात ती त्यांच्याकडची महाग, जपून वापरलेली खाती असतात, हे नंतर कळलं. पैसे भरल्यावर आली ती वेगळीच जात: डीपी नाही, नावापुढे आठ आकडे, स्वतःचे फॉलोअर्स 12 आणि फॉलो करतायत सात हजारांना. इन्स्टावर जास्तीत जास्त 7,500 जणांना फॉलो करता येतं. जे खातं त्या कडेला टेकलंय ते माणसाचं नसतं, एवढं डोक्यात ठेवा.

आता कुणी म्हणेल, इतकी साधी गोष्ट कळली नाही? नाही कळली. पण आम्ही काही हवेत नव्हतो. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे की मागच्या 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याची रॉयल्टी शून्य. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या पट्ट्यात स्वतःची मराठी गाणी वाजवणाऱ्या बँडला हजाराचा आकडा सोपा नसतो. कॅफेवाला आणि कॉलेजचा कल्चरल सेक्रेटरी दोघेही मानधनाची गोष्ट निघायच्या आधी "फॉलोअर्स किती?" विचारतात. तेव्हा आकड्याच्या मागे लागलो हा गुन्हा नव्हे. आकडा विकत घेतला, तो गाढवपणा.

पॅकेज 35,000 चं, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,300, मिळून 41,300. बिल छान छापलेलं. पत्ता अंधेरीचा, जीएसटी नंबर मात्र 07 ने सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27. आणि दिल्लीच्या नंबरवरून महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला बिल आलं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो. या पठ्ठ्याने 9-9 टक्के सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराचा कर, लावला होता. आमचा बेसिस्ट सीएच्या ऑफिसात काम करतो. त्याने बिल पाहिलं आणि "फॉन्ट भारी आहे" म्हणाला. जीएसटीच्या वेबसाइटवर तो 15 आकडे-अक्षरांचा नंबर टाकून नाव बघायला एक मिनिट लागतं. शिवाय यूपीआयवर पैसे गेले ते कुठल्याशा व्यक्तीच्या बचत खात्यात. कंपनीचं बिल आणि वैयक्तिक नावाचं खातं दिसलं की तिथेच फोन ठेवायचा.

पण हे सगळं एका बाजूला. खरी वेळ अकराव्या दिवशी आली होती आणि ती आठवली की अजून कानशिलं तापतात.

अकराव्या दिवशी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स, म्हणजे कलाकाराला आपले आकडे दिसतात ते पान, उघडलं. 41,212 स्ट्रीम, 38,870 श्रोते. शहरांच्या यादीत पहिलं हेलसिंकी, दुसरं फ्रँकफर्ट, तिसरं अ‍ॅशबर्न. कोल्हापूर पहिल्या पन्नासातून गायब. गाणं कसलं, तर उसाच्या फडावरचं, निम्मे शब्द पुण्याच्या माणसालाही समजावून सांगावे लागतात असे. आणि आम्ही काय केलं? ग्रुपवर फिनलंडचा झेंडा टाकला! "आपली माणसं सगळीकडे असतात" असं एकाने लिहिलं आणि चौघांनी त्याला हार्ट दिलं. फिनलंडात मराठी कुटुंबं असतीलच, पण ती हजारोंनी एका आठवड्यात आमचं उसाचं गाणं ऐकायला बसणार होती का?

अ‍ॅशबर्न हे अमेरिकेत व्हर्जिनियातलं गाव आहे आणि ते डेटा सेंटरांसाठी प्रसिद्ध आहे. फ्रँकफर्टमध्येही त्यांची रांग आहे. भाड्याच्या सर्व्हरवरून बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम, चालतात, म्हणून 'श्रोते' सर्व्हर असलेल्या गावांतले दिसतात. स्ट्रीम 30 सेकंदांनंतर मोजला जातो, तेवढं झालं की बॉट पुढच्या गाण्यावर. शहरांची नावं कळली नाहीत असं समजू, पण भागाकार तर येत होता? 41,212 भागिले 38,870, म्हणजे माणशी 1.06. आधी आमचे सहाशे श्रोते होते, तरी एकेक जण तीन-साडेतीन वेळा ऐकायचा. एवढ्या श्रोत्यांत गाणं सेव्ह किती जणांनी केलं? 19. यूट्यूबवर तोच प्रकार: 4 मिनिटं 12 सेकंदांचं गाणं, सरासरी पाहिलं गेलं 34 सेकंद. सगळे आकडे समोर होते. कुणी लपवले नव्हते.

त्याचे परिणाम महिन्याभरात आले. ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणी टाकली होती त्याने 'आर्टिफिशियल स्ट्रीमिंग' म्हणून दोन्ही गाणी उतरवली आणि वॉलेटमधले 1,312 रुपये अडकवले (ते वरच्या बेरजेत धरलेले नाहीत). उघड बनावट स्ट्रीम सापडले की स्पॉटिफाय 2024 पासून डिस्ट्रिब्युटरकडून गाण्यामागे दंड घेतं, मग डिस्ट्रिब्युटर तुमची बाजू कशाला ऐकेल? 'आम्ही नाही, एजन्सीने केलं' हे उत्तर चालत नाही. आणि इन्स्टावर तर आणखी वाईट. 1,140 फॉलोअर्स होते तेव्हा स्टोरी 180 जण बघायचे. 9,800 झाले तेव्हा 95. नवी पोस्ट आधी थोड्या फॉलोअर्सना दाखवली जाते, त्यांनी हात लावला तरच पुढे सरकते. आमच्या नशिबी आधी मढ्यांची गर्दी आली आणि जिवंत माणसांपर्यंत पोस्ट पोचेचना. म्हणजे पैसे देऊन आम्ही आमच्याच चाहत्यांच्या कानात बोळे घातले.

एवढं होईपर्यंत आम्ही तिसरा हप्ताही देऊन बसलो होतो. मुंबईत ओपन-एअर फेस्टिवल, आमचा 40 मिनिटांचा स्लॉट, 15,000 'डिपॉझिट', त्याबदल्यात 300 ची 50 तिकिटं आमच्याकडे, विकून पैसे आम्हीच ठेवायचे. त्यांनी लोगो मागितला, फोटो मागितला, रील मागितली. इनपुट लिस्ट, म्हणजे स्टेजवरच्या माईक-वाद्यांची यादी, मागितली नाही. गल्लीतल्या गणपती मंडळाचा साउंडवालासुद्धा आधी विचारतो, "दादा, माईक किती लागतील?" आमचे 13 चॅनल होतात: ड्रम्सचे 4, बेसचा 1, गिटारचा 1, कीबोर्डचे 2, ढोलकीचे 2, गळ्याचे 3. डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी) किती, मॉनिटर (स्टेजवर आम्हाला ऐकू यायचे स्पीकर) किती, ड्रमकिट तिथलं की आपलं, साउंडचेक किती वाजता, यातला एकही प्रश्न आला नाही आणि आम्हाला वाटलं, मोठी माणसं आहेत, त्यांच्याकडे सगळं असेल. तारीख जवळ आल्यावर जागेच्या मालकांना फोन केला. त्या संध्याकाळी तिथे एका लग्नाचं रिसेप्शन होतं. हा फोन पैसे भरायच्या आधी करायचा असतो.

4,720 विषयी फार बोलवत नाही. 'रिफंड प्रोसेसिंग' 4,000 आणि त्यावर जीएसटी 720. परत द्यायच्या रकमेतून कापून घ्या ना, आधी कशाला मागता, एवढं विचारायला पाचांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यानंतर नंबर बंद.

आता पोलीस. ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बसवलं. मग हवालदारसाहेब म्हणाले, "फॉलोअर्स आले ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" फॉलोअर्स खोटे आहेत म्हटल्यावर, "इंटरनेटवर खरं काय असतंय?" शेजारच्याने "गाणी म्हणता होय, एखादं म्हणा की" अशी फर्माईश केली. ठाण्याने सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेलो तर आयटी अ‍ॅक्टच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. हा नियम खरा आहे, पण तो तक्रार घ्यायच्या आड येत नाही. तक्रार घ्यायला निरीक्षक लागतो असं कायद्यात कुठे लिहिलंय? सात चकरा झाल्या. सातव्या वेळी एका कागदावर शिक्का मिळाला, तोही 'अर्ज प्राप्त' एवढाच.

बँकेची तर कमालच. "पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे." समोरचं खातं कुणाचं? "गोपनीय." ते खातं अजून चालू आहे का? "गोपनीय." चोराची गोपनीयता जपायला काउंटरवर दोन माणसं आणि आमचा अर्ज घ्यायला मात्र लंच टाइम संपायची वाट. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर ओळखीच्या वकिलांनी आधीच सांगितलं, 'व्यावसायिक हेतू' म्हणून समोरचा हरकत घेणार. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असं सांगून त्यातून सूट मागता येते, पण आमच्यात नोकऱ्या करणारे तिघे. म्हणजे बँडवर पोट चालत नाही, हे आता आमच्याविरुद्धच वापरणार!

ज्यांचे पैसे आज-काल गेलेत त्यांनी ठाण्याची पायरी चढण्याआधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच तासात. आम्ही 26 दिवसांनी केला, तोवर खात्यातून सगळं पुढे सरकलं होतं. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर नंबर हाताशी हवा. सरकारी सायबर क्राइम पोर्टलवरच्या तक्रारीची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे, तिच्या भरवशावर झोपू नका. अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) (फसवणूक) आणि आयटी अ‍ॅक्टचं 66डी (सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक) नावानिशी लिहा. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये तशी सोय आहे. चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. आमचं अर्धं चॅट समोरच्याने उडवलं.

आणि बँडवाल्यांनो, प्लेलिस्टमध्ये गाणं घालायची हमी देणारा प्रत्येक जण खोटारडा आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं त्यांच्याच आर्टिस्ट पानावरून फुकट पाठवता येतं. रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या खऱ्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे स्पॉटिफाय आपोआप बनवतं त्या नव्या गाण्यांच्या यादीत, ते जातं. आम्ही रिलीजच्या आदल्या रात्री अपलोड करायचो. शोमध्ये माईक स्टँडला क्यूआर चिकटवा आणि नंबर गोळा करा, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून "नंबर सेव्ह करा" हे दोन गाण्यांच्या मध्ये, गिटार ट्यून होत असताना स्टेजवरून सांगायचं. शेवटच्या गाण्यानंतर सांगून उपयोग नाही, लोक तोवर पार्किंगमध्ये असतात.

आमच्या त्या यादीत सध्या 143 नंबर आहेत. मागच्या शोला 61 जण आले, त्यातले 48 यादीतले. आणि इन्स्टावरचे सर्व्हरछाप चाहते रोज रात्री आळीपाळीने एकेक करून काढतोय. आतापर्यंत 3,400 झाले, पाच हजारांवर उरलेत.