बिझेन घ्यावी की शिगाराकी?

जपानी स्टुडिओ पॉटरची, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत भांडी घडवणाऱ्या कलाकाराची, एक चांगली फुलदाणी घ्यायचीये आणि बिझेन व शिगाराकी या जपानच्या दोन जुन्या मातीकामाच्या परंपरांमध्ये गाडी अडलीये ना, मग आधी स्वतःलाच विचारा की आपल्याला आकार ओढतोय की माती.

आकार असेल तर बिझेन, आणि त्यातही काकुरेझाकी र्‍युइची यांचं काम बघाच. जन्म 1950चा, मूळ नागासाकीकडचे, डिझाइन शिकलेले, मग बिझेनमध्ये इसेझाकी जुन यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांची फुलदाणी पहिल्या नजरेत फुलदाणी वाटतच नाही, धारदार कडा, तिरकं अंग, डावी बाजू उजवीसारखी नाही, नुसती रिकामी ठेवली तरी खोली भरून जाते. बिझेनची खास माती भातशेताखालून काढतात, बारीक आणि चिकट असते, भाजताना खूप आकसते म्हणून भट्टी घाईत तापवून चालतच नाही, पाइनची लाकडं घालत दहा-बारा दिवस हळूहळू भाजावं लागतं. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, अजिबात नाही. उडालेली राख बसून जे ठिपके येतात त्यांना गोमा म्हणतात, म्हणजे तीळ, आणि खरंच बाजरीच्या भाकरीवर तीळ थापल्यासारखे दिसतात! भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की लाल रेघा उठतात, ती हिदासुकी.

मातीच ओढत असेल तर शिगाराकी, तिची माती भरड. फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे अंगावर फुटून येतात, राख वितळून हिरवट काचेसारखी ओघळते, आणि या मातीत मोठी भांडी छान उभी राहतात. फुरुतानी मिचिओ (1946–2000) यांचे रांजण बघा, आकार साधाच पण खांद्यावरून उतरलेली ती हिरवी धार बघत बसावंसं वाटतं.

फुलं भरपूर लावणार असाल तर शिगाराकीचा रुंद तोंडाचा रांजण सोयीचा. शिल्पासारख्या बिझेनमध्ये एखादी फांदी नाहीतर एकच फूल, जास्त घातलं की आकार झाकला जातो. मी तर बिझेनच घेईन, कारण कडेवर बाजूने ऊन पडलं की दिवसभर सावल्या बदलत राहतात.

कुठलीही घेतली तरी पहिल्यांदा पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, बिनग्लेझच्या भांड्याचा तळ कधीकधी पाझरतो, लाकडी फर्निचरवर डाग पडेल. आणि सोबत कलाकाराच्या सहीची लाकडी पेटी, तोमोबाको, आहे ना ते विचारूनच पैसे द्या, पुढे कधी विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो.