लिव्हरवर्ट पाहण्यासाठी वीस पटींचे घडीचे भिंग

लिव्हरवर्ट या मॉससारख्या चिमुकल्या वनस्पतींच्या एकमेकींशी साम्य असलेल्या जाती ओळखण्यासाठी घेतलेले हे भिंग पैसे वसूल करणारे आहे. फ्रुलानिया टॅमॅरिसाय या जातीच्या पानातील गडद पेशींची बारीक रेघ दहा पटींच्या भिंगातून नुसती शंका निर्माण करते. इथे ती स्वच्छ दिसते आणि खोडाच्या खालच्या अंगाला असलेल्या इवल्या पानांची कड दुमडलेली आहे की फ्रुलानिया डायलेटाटाप्रमाणे सपाट, हेही ठरवता येते. मात्र दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने लोफोकोलिया हेटेरोफायलाची खालची दुभंगलेली आणि वरची जवळजवळ अखंड पाने एका नजरेत मावत नाहीत. तिथे दहा पटींचेच सोयीचे. पेशींमधील तेलकण पाहायचे तर सूक्ष्मदर्शक हवाच, तोही नमुना ताजा असतानाच.