डायलिसिस चालू असताना गणपतीला गावी: धावती भेट की तिकडेच डायलिसिस, रेल्वे की गाडी की विमान?

यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबर 2026 ला आहे. ज्यांच्या घरात कुणाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, त्यांनी तारखेआधी हा वार पाहावा. बहुतेक केंद्रं रविवारी बंद असतात. त्यामुळे सोम-बुध-शुक्रवाल्यांचा मोठा खंड शुक्रवार ते सोमवार असतो आणि मंगळ-गुरु-शनिवाल्यांचा शनिवार ते मंगळवार. अंगात पाणी आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त साठतं ते याच खंडाच्या शेवटी, आणि हृदयाला धोकाही तेव्हाच जास्त असतो. यंदाची चतुर्थी नेमकी तिथेच आली आहे.

माझ्या मोठ्या भावाचं डायलिसिस मुंबईत चालतं आणि घरचा गणपती सिंधुदुर्गात बसतो. सगळे चुलते, आत्या, भाचरं वर्षातून एकदाच तिथे एका छपराखाली येतात. म्हणून मी त्याच वाटेबद्दल लिहितो आहे. लोक गाडी कोणती घ्यावी इथून सुरुवात करतात. माझ्या मते आधी मशीन कुठे आणि कधी लागणार ते ठरवावं, मग तिकिटाकडे वळावं.

धावती भेट की तिकडेच डायलिसिस?

धावती भेट म्हणजे डायलिसिसच्या दोन पाळ्यांच्या मधे जाऊन येणं. मंगळ-गुरु-शनिवाल्याला ते कागदावर जमतं: शनिवारी 12 ला डायलिसिस, रविवारी सकाळी निघायचं, सोमवारी पूजा-आरती, रात्रीची गाडी, मंगळवारी दुपारी मुंबईत मशीनवर. खर्च कमी, नवं केंद्र शोधायला नको, नेहमीचेच तंत्रज्ञ सुई लावणार. अनोळखी हाताने फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीला) सुई लावून घ्यायची भीती ज्यांना वाटते, त्यांना हा मोठाच दिलासा असतो.

पण या बेतात उशिराला जागाच नाही. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि कोकण रेल्वे जवळपास 24 तास ठप्प होती. निरोगी माणूस अशा वेळी फलाटावर एक रात्र काढतो आणि विसरून जातो. ज्याचं डायलिसिस आधीच तिसऱ्या दिवसावर गेलंय, त्याला तो चौथा दिवस परवडत नाही. पायाला सूज, आडवं झाल्यावर धाप, आणि जवळचं रुग्णालय कुठलं तेही ठाऊक नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये. सोम-बुध-शुक्रवाल्याला तर धावती भेट यंदा शक्यच नाही, कारण त्याची पाळी चतुर्थीच्याच दिवशी येते.

तिकडे डायलिसिस करायचं तर आधी बरीच जुळवाजुळव लागते, पण एकदा ते झालं की पाच दिवस जीवाला घोर राहत नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांतही ही सोय उभी राहिली. सिंधुदुर्गात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून चौकशी सुरू करावी आणि मग कणकवली, कुडाळ, सावंतवाडीकडची केंद्रं पाहावीत. मशीन असणं वेगळं आणि त्यावर जागा मिळणं वेगळं. स्थानिक रुग्णांच्या पाळ्या बांधलेल्या असतात, त्यामुळे निदान महिनाभर आधी बोलावं.

फोनवर चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात. चतुर्थीच्या आठवड्यात केंद्र कोणत्या दिवशी उघडं आहे? वीज गेली तर जनरेटर आहे का? हे कोकणातल्या पावसाळ्यात विचारायलाच हवं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे अहवाल किती दिवसांपूर्वीचे चालतील? आणि डायलायझर, म्हणजे मशीनवरची रक्त गाळायची नळी, नवा आणायचा की तिथे मिळेल? घरच्या केंद्रात आपण एकच डायलायझर धुऊन पुन्हा वापरत असू, तर तो सोबत नेता येत नाही. नवा डायलायझर आणि नळ्यांचे संच मुंबईतूनच घेऊन जाणं बरं.

घरच्या केंद्राकडून डॉक्टरांचं पत्र, मागच्या तीन पाळ्यांचे तक्ते, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) प्रमाण आणि ताजा हिमोग्लोबिन-पोटॅशियमचा अहवाल घ्यावा. मूळ कागद सोबत ठेवावेत आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर दुसऱ्या रुग्णालयातली पाळी योजनेत कशी बसेल, ते निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, विचारावं.

मला विचाराल तर मंगळ-गुरु-शनिवाल्यांनी शनिवारी डायलिसिस करून रविवारी निघावं, मंगळवार आणि गुरुवारच्या पाळ्या तिकडे कराव्यात आणि शुक्रवारी परतावं. सोम-बुध-शुक्रवाल्यांनी शनिवारी 12 ला एक जादा पाळी मिळते का, हे आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) आत्ताच विचारावं. ती मिळाली तर पुढचं वेळापत्रक मंगळ-गुरु-शनिवाल्यांसारखंच बसतं. डायलिसिसच्या संध्याकाळी मात्र प्रवास नको. रक्तदाब खाली असतो, अंगात त्राण नसतं. एक रात्र घरी झोपून निघावं.

रेल्वे

मी रेल्वेच्या बाजूचा आहे, आणि कारण एकच: आडवं होता येतं. दिवसाची मांडवी एक्स्प्रेस घेतली तर एसी डब्यात सहप्रवाशांना विनंती करून खालच्या बर्थवर पाय वर घेऊन पडता येतं, आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी असतो. कोकणकन्या आणि तुतारी रात्रीच्या आहेत. झोप लागणाऱ्याला त्या बऱ्या, पण अपरात्री त्रास झाला तर मदत मिळवणं अवघड जातं. मुंबई-मडगाव वंदे भारत जून 2023 पासून धावते, स्वच्छ आहे आणि सुखाची आहे. पण तिच्यात फक्त खुर्च्या आहेत. शिवाय ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि गेल्या काही पावसाळ्यांत वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावली आहे. आठ तासांच्या आतला प्रवास तेव्हा दहा तासांवर जातो. एवढा वेळ बसून पाय सुजतात.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. रविवार 13 सप्टेंबरसाठी ते 15 जुलैला सकाळी आठला उघडेल, आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील स्त्रिया यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, तो अर्जात निवडायला विसरू नका. किडनीच्या रुग्णाला डायलिसिससाठी प्रवास करताना भाड्यात सवलत मिळते, थ्री एसीला 75 टक्के. पण ती उपचाराच्या प्रवासाची आहे, सणाच्या प्रवासाची नव्हे, म्हणून ती धरून हिशोब करू नये.

रेल्वेचा खरा त्रास उतरताना आहे. बऱ्याच स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, आणि गणपतीच्या गर्दीत दारापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ जातो. फिस्टुलाच्या हाताने बॅग उचलायची नाही, त्या हाताला कुणी ओढायचंही नाही. सोबत एक धडधाकट माणूस हवाच, आणि गावाकडचा एक जण फलाटावर. गाडीत बरं वाटेनासं झालं तर 139 वर फोन करावा.

स्वतःची गाडी

गाडीचा मोठा फायदा म्हणजे ती वळवता येते. खेड, चिपळूण, रत्नागिरी ही गावं या वाटेवर किंवा वाटेजवळ आहेत. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. दरड पडली, रस्ता तुंबला, तरी जवळच्या गावात जाऊन डॉक्टर गाठता येतो. रेल्वेत तसं करता येत नाही.

पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत माणगाव-इंदापूरकडे काय होतं, ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. कशेडीच्या बोगद्याने घाट वाचतो, गर्दी वाचत नाही. चार-पाच तास जास्त लागू शकतात हे धरूनच चालावं. गाडीत पाय लांब करता येत नाहीत, तहान लागते, आणि पाणी तर मोजून प्यायचं असतं. जायचंच गाडीने तर शुक्रवार-शनिवार टाळून रविवारी पहाटे निघावं आणि पुढची सीट पूर्ण मागे करून ती रुग्णाला द्यावी. पुण्याहून निघणाऱ्यांना कोल्हापूरमार्गे फोंडा घाट आहे. पावसात घाट चालू आहे ना, एवढं सकाळी विचारून घ्यावं.

विमान

मुंबई ते गोव्यातलं मोपा साधारण सव्वा तास. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे आणि तिथून सावंतवाडी, बांदा जवळ पडतात. कणकवलीकडे जायचं तर दीड-दोन तास गाडी हवी. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची उड्डाणं अधूनमधून बंद पडत आली आहेत, तेव्हा आपल्या तारखेचं तिकीट खरोखर विक्रीला आहे का ते पाहावं.

भाडं सणात चढतं, पण ज्याला तीन-चार तासांवर बसवत नाही त्याच्यासाठी मी हा खर्च करीन. व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवावी, तिचे पैसे लागत नाहीत. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा हृदय कमकुवत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

पोटाचं डायलिसिस, म्हणजे पिशवीतलं द्रावण पोटात सोडून घरीच करायचं डायलिसिस, असणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यांना केंद्र नको, पण दोन लिटरच्या चार पिशव्या रोज धरल्या तर पाच दिवसांचं ओझं चाळीस किलोंवर जातं. त्यांना गाडीच सोयीची. गावच्या घरात एक दार बंद होणारी खोली त्यांच्यासाठी राखून ठेवावी, जिथे पाहुणे आणि उदबत्तीचा धूर येणार नाही.

घरी पोचल्यावर

प्रवासापेक्षा इथेच जास्त बिघडतं, आणि तेही प्रेमापोटी. शहाळं, केळी, पंचामृत, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळ्यांत पोटॅशियम आहे. सोलकढीही दिवसाच्या मोजून प्यायच्या पाण्यात धरावी लागते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माटवीला (गणपतीवरच्या फळा-पानांच्या छताला) टांगलेलं पाच कडांचं करमल, म्हणजे स्टार फ्रूट, तर किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. निरोगी माणसाला ते आंबट फळ सहसा काही करत नाही, पण किडनी निकामी असेल तर त्यातलं विष मेंदूपर्यंत जातं. उचकी, गोंधळ, झटके येऊ शकतात.

एखादा मोदक डायलिसिसच्या आदल्या-नंतरच्या दिवसांचा विचार करून, आहारतज्ज्ञांना विचारून खाता येतो. वहिनीला आधीच फोन करून सांगितलं की बटाटा, भाजी उकळून पाणी टाकून द्या, की ती आनंदाने करते. पानावर बसल्यावर नाही म्हणणं रुग्णाला जड जातं. ते काम सोबतच्या माणसाने करावं.

यंदा थांबणंच बरं, अशीही माणसं आहेत

नुकतंच डायलिसिस सुरू झालंय आणि मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) आहे, दर पाळीला रक्तदाब कोसळतो, किंवा गेल्या महिन्यात पाणी साठून दाखल व्हावं लागलंय, तर मी चतुर्थीचा हट्ट धरणार नाही. दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. तोवर पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं, घाट कोरडे असतात आणि दिवाळीचे तीन-चार दिवस सोडले तर बर्थही मिळतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा आणि दशावतार सुरू होतात, आणि आपल्या गावची जत्रा कोणत्या तिथीला ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. चुलतभावांना आत्ताच सांगून ठेवा की त्या जत्रेला दोन दिवसांची रजा काढा, दादा तेव्हा येणार आहे.