मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रस्टचे ॲटॉमिक: काही महिने वापरल्यावर

मडगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं तापमान मोजणारी सिस्टीम आम्ही रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहून चालवतो. एक थ्रेड (प्रोग्रामचा एकाच वेळी चालणाऱ्या भागांपैकी एक) सेन्सर वाचतो, दुसरा स्क्रीनवर आकडा दाखवतो, तिसरा मालकाच्या मोबाइलवर अलार्म पाठवतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, गोदामही बरंचसं रिकामं, तेवढ्यात सगळं बसवून घेतलं. ऑगस्टमध्ये मासळी आली आणि खरी परीक्षा सुरू झाली.

ॲटॉमिक म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी वाचलं-लिहिलं तरी अर्धवट न दिसणारं व्हेरिएबल. काउंटर आणि फ्लॅगसाठी (हो-नाही खुणेसाठी) ते झकास, यात दुमत नाही. किती रीडिंग फेल गेली ते मोजायचं, थ्रेडला 'आता थांब' म्हणून सांगायचं, एवढ्यासाठी ॲटॉमिक-यूसाइज (पूर्णांक) आणि ॲटॉमिक-बूल (हो-नाही) पुरतात. थेट स्टॅटिकमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ठेवता येतात; रस्टच्या सुरक्षा-तपासण्या सैल करणारं अनसेफ लिहावं लागत नाही. फक्त काउंटर भरला की गुपचूप शून्यावर येतो, डीबग बिल्डमध्येसुद्धा पॅनिक (चूक दाखवून थांबणं) नाही. दशांशाचा ॲटॉमिक स्टेबल रस्टमध्ये नाही, म्हणून उणे १८.२५ अंश आम्ही उणे १८२५ असे ठेवतो.

खरी डोकेदुखी ऑर्डरिंगची, म्हणजे एका थ्रेडचं लिखाण दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसेल याची. प्रत्येक लोड-स्टोअरला (वाचण्या-लिहिण्याला) सांगत बसा: रिलॅक्स्ड, ॲक्वायर, रिलीज की आणखी काही. आमचा सेन्सर-थ्रेड आधी तापमान लिहितो, मग 'नवीन रीडिंग आलं' हा फ्लॅग लावतो. सगळीकडे रिलॅक्स्ड (क्रमाची हमी नाही) ठेवून मुद्दाम एक चाचणी लावली. ऑफिसातल्या इंटेल लॅपटॉपवर रात्रभर काही झालं नाही. तोच कोड रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरवर टाकला तर मधूनच फ्लॅग नवा आणि तापमान जुनं! इंटेल प्रोसेसर साध्या दोन स्टोअरचा क्रम मोडत नाही, एआरएमला ती मुभा आहे. फ्लॅगच्या स्टोअरला रिलीज आणि लोडला ॲक्वायर दिल्यावर, म्हणजे फ्लॅग दिसला की त्याआधीचं लिखाणही दिसेल अशी हमी घेतल्यावर, प्रश्न मिटला. लोडलाच रिलीज दिलंत तर कंपायलर अडवतो, पण रिलॅक्स्ड नको तिथे पडलंय हे तो कधीच सांगत नाही. बॉरो चेकर (डेटा कोण कधी वापरतो ते तपासणारा कंपायलरचा भाग) आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी इथे जपून.

तापमान आणि त्याची वेळ ही जोडी मात्र दोन ॲटॉमिकमध्ये ठेवू नका. ऑर्डरिंग कितीही कडक द्या, वाचणाऱ्याच्या हाती नवं तापमान आणि जुनी वेळ येऊ शकते. दोन्ही ३२-३२ बिटांत बसवून एका ॲटॉमिक-यू६४ मध्ये कोंबता येतात. आमच्यातल्या एकाने करून दाखवलं, चाललंही, पण ते शिफ्ट आणि मास्क वाचताना दुसऱ्याला घाम फुटतो. शेवटी म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, घेतला. लिनक्सवर रस्ट १.६२ पासून तो थेट फ्युटेक्स या लिनक्सच्या स्वतःच्या सोयीवर चालतो, आणि रांग नसेल तर लॉक घेणं म्हणजे एक ॲटॉमिक ऑपरेशन. सेकंदाला एकदा वाचणाऱ्या सिस्टीमला याहून वेग हवा कशाला?

लूम नावाचं क्रेट (रस्टची लायब्ररी) चाचणीत थ्रेडचे वेगवेगळे क्रम चालवून दाखवतं. बसवायला कटकट आहे, पण रास्पबेरी पायसमोर रात्र काढण्यापेक्षा बरं.

पाचपैकी चार. एक मार्क कापला तो डॉक्युमेंटेशनचा: मेमरी मॉडेल (ऑर्डरिंगचे नेमके नियम) विचारा, तर सी प्लस प्लस २० या दुसऱ्याच भाषेच्या नियमांकडे बोट दाखवून मोकळे!