माळवदाच्या घराचे मजबुतीकरण : एका स्थानिक ठेकेदाराच्या कामाचा अनुभव

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आमच्या फडताळावरची पितळी भांडी वाजली आणि देवघराच्या कोपऱ्यात माळवदाची, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताची, ओंजळभर माती पडली. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहानंतर थोड्या वेळाच्या अंतराने दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येणे तर कित्येक वर्षांपासून चालू आहे. त्यामुळे आमच्या भागात लोक धक्का बसला की अंगणात येतात, चहा होईपर्यंत बोलतात आणि कामाला लागतात. मीही तेच करत आलो होतो. यावेळी मात्र पडलेली माती झाडताना वर पाहिले आणि घर पाडायचे नसेल तर निदान सावरून घ्यावे, असे ठरवले.

तालुक्याच्या ठिकाणी जुन्या दगडी घरांची अशी कामे घेणारा एक ठेकेदार आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि माणूस एकंदरीत चांगला आहे.

काम काय असते, हे समजण्यासाठी किल्लारीकडे पाहावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाहून परतलेली माणसे गाढ झोपेत असताना, तो भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ५२ गावे दुसरीकडे वसवावी लागली. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण मृत्यूंचे मोठे कारण घरांतच होते. दगडाच्या दोन पाती मातीत रचायच्या, मधली पोकळी खडी-मातीने भरायची आणि त्या रुंद भिंतीवर लाकूड, किलचन (तुळयांवर अंथरलेल्या बारीक लाकडी पट्ट्या) व मातीचे माळवद घालायचे, ही आपली जुनी पद्धत उन्हाळ्यात थंडावा देते; मात्र जमीन हलली की दोन्ही पाती एकमेकींपासून सुटतात आणि वरचे सगळे ओझे अंथरुणावर येते. आमचे घर त्याच पद्धतीचे आहे.

ठेकेदाराने काम चार भागांत सांगितले : माळवदाची जादा माती उतरवणे, भिंतीची दोन पाती आरपार जोडणे, छताखाली चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बांधणे आणि खांब व तुळई यांच्यात तिरपे टेके देणे. दर त्याने चौरस फुटावर न लावता छिद्रामागे व पट्ट्याच्या रनिंग फुटामागे लावला. हे मला आवडले, कारण झालेले काम आपले आपल्याला मोजता येते.

माती उतरवण्याचे काम पाहण्यासारखे होते. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी पांढरी माती टाकायची आणि जुनी कधीच काढायची नाही, अशा तीन पिढ्यांच्या कष्टाने आमच्या छताची जाडी दीड फुटाच्या वर गेली होती. कुदळीने कापलेल्या कडेवर ते थर पोळीच्या पदरांसारखे वेगवेगळे दिसत होते. एका थरात कडब्याची चिपाडे, एकात माझ्या वडिलांनी मिसळलेला चुना. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचार टन, आणि भूकंपाचा झटका वजनाच्या प्रमाणात वाढतो, हे ठेकेदाराने आईला समजावले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही मरणच डोक्यावर लिपत होतो का रे?" शेवटी वीतभर माती ठेवून बाकीची उतरवली. हा भाग निर्दोष झाला.

भिंत जोडण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी दिसणारे आहे. साधारण मीटरभर अंतरावर, वरच्या ओळीतले छिद्र खालच्या दोहोंच्या मधोमध येईल असे, पहारीने हलक्या हाताने दगड सैल करून भिंतीच्या आरपार छिद्र पाडतात. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. घण घातला तर जवळची माती ढासळते, म्हणून घाई चालत नाही. इथे पहिली तक्रार. दुसऱ्या दिवशी आलेल्या सळया सरळ होत्या, आकडे नव्हते. विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, काँक्रीट धरतंय की सगळं." ठेकेदाराला फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत वळवलेल्या सळया आल्या, त्याआधी भरलेली सहा छिद्रे त्याने स्वखर्चाने पुन्हा केली. पण मी शाळेतून निवृत्त झालेला, दिवसभर खुर्ची टाकून बसलेला माणूस आहे, म्हणून हे दिसले.

पट्ट्याच्या जाळीचेही तसेच. जोडाच्या ठिकाणी एक जाळी दुसरीवर फूटभर चढायला हवी, ती माजघरात चार बोटे चढवली होती; तेवढा भाग प्लॅस्टर फोडून पुन्हा करून घेतला. लाकडी टेके मात्र सुताराने जीव ओतून बसवले आहेत.

तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे माळवदाच्या पन्हाळी साफ न करताच माणसे दुसऱ्या कामावर गेली. २०२५ च्या मेमध्येच पाऊस सुरू झाला, पाणी तुंबले आणि देवघर गळले. दुरुस्तीला माणूस आला, पण पाचव्या फोननंतर.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आमच्या मागच्या भिंतीला पोट सुटलेले आहे. ती जोडून पैसे घेणे त्याला सहज शक्य होते, तरी ओळंबा लावून दाखवत त्याने सांगितले की ही भिंत जोडण्याच्या पलीकडे गेली आहे, उतरवून नव्याने रचावी लागेल. वाळवी लागलेल्या तुळयांबाबतही त्याने असाच नकार दिल्याचे शेजाऱ्यांकडून कळले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा सळयांसाठी कापला, एक पन्हाळींसाठी. ज्यांच्या घरी कामावर लक्ष ठेवणारे कोणी नाही, त्यांनी छिद्रे भरण्याच्या चार-पाच दिवसांपुरता तरी माहितगार माणूस बसवावा आणि शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडून जाईपर्यंत रोखून धरावा. मागची भिंत दिवाळीनंतर उतरवायची आहे; ते काम मी त्यालाच दिले आहे, सळया आधी माझ्या अंगणात उतरतील या अटीवर.