चौदा तास वीस मिनिटं

माझा ट्रॅक्टर तासावर चालतो. रोटाव्हेटर लावा, नांगर लावा, भाव तासाचा, आणि तास मोजायला समोर मीटर. कास्तकार म्हणतो, "भाऊ, दोनच तास झाले ना जी," मी मीटर दाखवतो, विषय संपतो. वीस वर्षं झाली या धंद्याला. तासाच्या हिशेबात मला आजवर कोणी फसवलं नाही, आणि फसलो तेव्हा अठरा लाखांनी फसलो. तेही तासातच. हे लिहायचं नव्हतं, गावात आधीच बरंच हसू झालं आहे. पण मागच्या महिन्यात दिग्रस रोडवर, माझ्या पोराला पायलट बनवतो म्हणणाऱ्या त्याच लोकांचं नव्या नावाचं बॅनर पाहिलं, म्हणून लिहितो.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्यावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही पंधरा दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. त्याच उन्हाळ्यात यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात 'पायलट बना' असा मोफत सेमिनार झाला. स्टेजवर पांढऱ्या शर्टातला माणूस, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. तो खरंच कॅप्टन होता की पट्ट्या शिवून घेतल्या होत्या, हे मी कधी विचारलंच नाही. दोन वर्षांत नोकरी, महिन्याला लाखांत पगार, आणि वर मला म्हणाला, "काकाजी, आज दोन एकर विकाल तर उद्या पोरगा वीस एकर घेऊन देईल." बोंडअळीनं तीन हंगाम खाल्लेल्या माणसाला हे वाक्य कुठं लागतं, त्याला बरोबर ठाऊक होतं.

पोरगा बारावी सायन्स, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, हे दोन विषय लागतातच. आमच्या शेजारी बुलढाण्याकडचं एक पोट्टं बसलं होतं, त्याचं बायोलॉजी. त्यालाही "चालते, करून घेऊ" म्हणून पावती फाडली. होस्टेलवर गेल्यावर त्याला कळलं की गणित आधी मुक्त विद्यालयातून काढावं लागेल.

डोळे, कान, छाती यांच्या तपासणीचं मी विचारलं. "मेडिकल नंतर, आधी सीट पक्की करा." इथंच उलटी गंगा होती. डीजीसीए म्हणजे विमान आणि वैमानिकांचे परवाने देणारं सरकारी कार्यालय, त्याच्या यादीवरच्या डॉक्टरकडे आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल आपलं आपण करून घेता येतं, अकॅडमीला एक रुपया देण्याआधी. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबरही स्वतःच ऑनलाइन काढता येतो, आणि नेव्हिगेशन, हवामान, नियम यांच्या लेखी परीक्षा त्यावरच देता येतात, शंभरपैकी सत्तर गुण लागतात. या कामांचे त्यांनी माझ्याकडून 'प्रोसेसिंग'चे पन्नास हजार वेगळे घेतले.

एकूण खर्च सांगितला अठ्ठेचाळीस लाख, पहिला हप्ता अठरा. सडकेला लागून असलेलं दोन एकर वावर होतं, वडिलांनी घेतलेलं. विकलं. पावती घरी आणली तर ही वाचून म्हणाली, "अवो, यात त 'करिअर मार्गदर्शन शुल्क' लिहिलं आहे. विमानाचं नावच नाही." मी तिला गप्प केलं. पावतीवरचं नाव विमान शिकवणाऱ्या फ्लाइंग स्कूलचं नव्हतंच, सेमिनारवाल्या एजंटच्या नागपुरातल्या ऑफिसचं होतं. ही गोष्ट आठवली की आजही जेवण जात नाही.

जुलैत पोरगा शेजारच्या राज्यातल्या एका धावपट्टीवर रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं फोटो पाठवला, सेसना १७२ च्या कॉकपिटमध्ये बसलेला, कानाला हेडफोन. मी तो फोटो अर्ध्या तालुक्याला दाखवला. विमानं दोन होती. दुसऱ्याला पुढचा फिरणारा पंखाच नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही.

मग सुरू झाली कारणं. आधी पाऊस. हे कारण खोटं नव्हतं, शिकाऊ माणसाला बाहेर पाहूनच उडावं लागतं आणि पाच किलोमीटर तरी स्वच्छ दिसायला हवं. पावसात आम्हीही फवारणी थांबवतो. पण पोळा झाला, गणपती बसले, उघडीप पडली, तरी उत्तर एकच: "विमान हंड्रेड आवरला गेलंय."

हे हंड्रेड आवर काय, ते मला नंतर नीट समजलं. दर पन्नास तासांनी ऑइल बदलायचं आणि दर शंभर तासांनी मोठी तपासणी. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहतात, प्लग काढून साफ करतात, पंख आणि शेपटीकडे जाणाऱ्या तारा तपासतात, आणि ऑइल फिल्टर चक्क कापून आत लोखंडाचा चुरा आहे का ते बघतात. फिल्टर कापून बघायची गोष्ट मला फार आवडली, आमचे मिस्त्री तो फेकून देतात. पण हे सगळं झाल्यावर डीजीसीएचा परवाना असलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरची सही लागते. ती नसेल तर नवंकोरं विमानही जागेवरून हलू नये असा नियम आहे. आणि ही तपासणी काही दिवसांची असते. दोन महिन्यांची नाही.

विमान नाही म्हणून मग पोरांना 'इन्स्ट्रुमेंट' शिकवायला बसवलं. हा प्रकार समजून घ्या, कारण यातच सगळ्यात जास्त पैसे खाल्ले जातात. ढगात शिरल्यावर बाहेर काही दिसत नाही, तेव्हा समोरच्या उंची, वेग, दिशा दाखवणाऱ्या नुसत्या घड्याळांवर विश्वास ठेवून उडायचं, याला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग म्हणतात. शिकवताना पोराच्या डोळ्यावर झापड लावतात, घोड्याला लावतात तशी, म्हणजे त्याला फक्त समोरची घड्याळं दिसावीत. सीपीएलच्या २०० तासांत असे १० तास लागतात आणि त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवरचे धरतात. वेगळं इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं असेल तर ४० तास, त्यात सिम्युलेटरचे २० पर्यंत. तेही सिम्युलेटर डीजीसीएनं मंजूर केलेलं असेल तरच. इथं काय होतं? एका खोलीत दोन कॉम्प्युटर, एक हँडल आणि कूलर. त्या खुर्चीवर माझ्या पोराचे बावीस तास लिहिले, तासाला चार हजार रुपये लावून. अजून ज्यानं एकट्यानं विमान उडवलं नव्हतं, त्याला आधीच ढगातलं शिकवत होते.

हे सगळं मला फोनवर कळत नव्हतं. पोरगा "चालू आहे बाबा" एवढंच म्हणायचा.

सोयाबीन काढून झालं आणि दसऱ्यानंतर मी न सांगता गेलो. ऑफिसला कोणी नव्हतं. हँगरमध्ये एक म्हातारा मेकॅनिक बसला होता. त्याला मी घरचे शेवचिवड्याचे डबे दिले, ट्रॅक्टरच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यानं मला विमानात बसू दिलं. सवयीनं माझी नजर मीटरवर गेली. फेऱ्यांच्या काट्याखाली छोटे आकडे असतात, अगदी आपल्या ट्रॅक्टरसारखे: ४१९०.१. मी विचारलं, बंद का आहे? तो म्हणाला, "ऑइल मी बदललं, प्लग मी साफ केले. पण सही करणारा साहेब बाहेरून येतो, त्याचे सहा महिन्यांचे पैसे थकले. तो आता फोन उचलत नाही."

रात्री होस्टेलवर पोराचा जुलैतला फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. त्याच्या कोपराजवळ तेच मीटर: ४१८७.३.

अडीच महिन्यांत विमान फिरलं होतं २.८ तास. अकरा पोरं मिळून.

"तुही लॉगबुक दाखव," म्हटलं. त्यानं उडलेल्या तासांची ती वही दाखवली. त्याच विमानाचा नंबर, तारखा, आणि बेरीज चौदा तास वीस मिनिटं. खाली त्याची सही, बाजूला इन्स्ट्रक्टरची.

"हे कधी उडाला तू?"

"सरांनी लिहायला सांगितलं. म्हणे, विमान सुरू झालं की भरून काढू."

"अन् तू सही केली?"

"सगळ्यायनंच केली, बाबा." मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "तुम्ही वावर इकलं होतं ना. घरी काय सांगू?"

मी त्याला रागावलो नाही. रागवायला मला तोंडच नव्हतं. पण हे इतर आईबापांना सांगायलाच हवं: लॉगबुक पोराची असते, सही पोराची असते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाना घेतलेले वैमानिक पकडले गेले आणि फ्लाइंग स्कूलमधल्या न उडलेल्या तासांचीही चौकशी झाली. प्रत्येक उड्डाण विमानाच्या स्वतःच्या लॉगबुकातही लिहावं लागतं, दोन्ही वह्या जुळवल्या की खोटं उघडं पडतं. तेव्हा एजंट सापडो न सापडो, परवाना पोराचा जातो. आणि पकडलं गेलं नाही तर त्याहून वाईट. चौदा तास लिहिलेला पण दोन तासही न उडलेला माणूस एक दिवस दीडशे लोकांना घेऊन ढगात शिरेल.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर भेटला. आकडे पाहून तो अजिबात गडबडला नाही, हसून म्हणाला, "काकाजी, तो टॅको आहे. इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळाच्या मागंच राहतो." गंमत म्हणजे हे खरं आहे. ट्रॅक्टरचं जुनं मीटरही तसंच, कमी रेसवर चालवलं की तास कमी दाखवतं. मी म्हटलं, "साहेब, मागं राहते. चौदाचे दोन नाही करत. अन् अकरा पोट्ट्यांचे मिळून किती लिवले, ते तुम्हीच सांगा." मग मात्र तो फोनवर बोलत बाहेर निघून गेला.

जाण्याआधी मी एक साधी बेरीज केली असती तरी वाचलो असतो. अकरा पोरं, प्रत्येकी दोनशे तास, म्हणजे बावीसशे तास. उडणारं विमान एक. त्याच्या इंजिनाची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीची, मुदतच साधारण दोन हजार तासांची असते. एका ट्रॅक्टरवर मी दहा गावांचा इसार घेतला असता तर लोकांनी मला बडवलं असतं.

मी पोराला घेऊन आलो. स्कूलवाले म्हणतात, आम्हाला एजंटकडून चारच लाख मिळाले. एजंट म्हणतो, मी मार्गदर्शन केलं, पावतीवर तेच लिहिलंय. पोलिसांनी आधी "नागपूरला जा", मग "त्या राज्यात जा" सांगितलं. तिसऱ्या खेपेला, ओळखीच्या वकिलाला सोबत नेल्यावर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या चारशेवीसमध्ये, गुन्हा नोंदवला. डीजीसीएकडे वेगळी तक्रार केली. त्यात खोट्या तासांची कबुली पोरानं स्वतः लिहून दिली. वकिलानं नको म्हटलं होतं, पण त्याला तेच बरोबर वाटलं. आतापर्यंत साडेतीन लाख परत आलेत, तेही 'तक्रार मागे घ्या' म्हणून. मी घेतली नाही.

ज्यांना पोराला पाठवायचंच आहे त्यांनी जरूर पाठवावं, विदर्भातलीच पोरं वैमानिक झालेली आहेत, आणि गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर वर्षानुवर्षं विमानं शिकवली जाताहेत. फक्त मेडिकल आधी करा. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्कूलची यादी असते, पैसे त्यातल्याच नावाच्या खात्यावर टाका, आणि उडलेल्या तासांचेच द्या. जाऊन हँगरमध्ये उभे राहा. किती विमानांवर इंजिनिअरची चालू सही आहे, किती पोरं आहेत, हे विचारा. आणि प्रत्येक महिन्याला पोराकडून मीटरचा फोटो मागवा. कोणी "तो दाखवायची परवानगी नाही" म्हटलं तर तिथूनच परत फिरा.

त्याचं क्लास टू मेडिकल आम्ही दिवाळीनंतर नागपुरात करून घेतलं. एका दिवसाचं काम, काही हजारांचा खर्च, आणि तो पास आहे. हवामानाच्या पेपरचा अभ्यास करतो, रात्री ओसरीवर. कॉकपिटचा तो फोटो असलेला फोन पोलिसांनी पुरावा म्हणून जमा करून घेतला आहे, म्हणून सध्या माझा बटणांचा फोन त्याच्याकडे असतो. ट्रॅक्टरच्या तासांची वहीही आता तोच लिहितो. परवा एका गिऱ्हाइकानं "अर्धा तास कमी लिव ना बे" म्हटलं, तर त्यानं त्याला ट्रॅक्टरवर चढवून मीटर दाखवलं.